चारुगंधेची ओटी

"मावशी, तिसऱ्या अंकातलं पद एकदाच म्हणून दाखवा. दोनच ओळी. माझ्या जिवाला बरं," नाटकाची व्यवस्था बघणारा रूपेश रंगपटाच्या दारात उभा राहून म्हणाला.

तुळसाने आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं. चेहऱ्याच्या एका बाजूला रंग लागला होता, दुसरी बाजू अजून तिची स्वतःची, त्रेसष्ट वर्षांची होती. "रंग लागला की रंगपटात पद म्हनत न्हाईत," ती म्हणाली. "तुज्याच आजोबांनी घालून दिल्याली रीत हाय ती. इचार जा कोनालाबी."

"आजोबांच्या वेळेला यूट्यूब नव्हतं, मावशी. सगळी मुंबईकर मंडळी मोबाइल उघडून बसलीत. काही झालं तर..."

"काय व्हनार?"

काय होणार ते दोघांनाही ठाऊक होतं. गेल्या रविवारच्या तालमीत ते होऊन गेलं होतं.

खारवणच्या नवलाईदेवीच्या उत्सवात दरवर्षी एकच नाटक होतं, 'संगीत चारुगंधा'. गाव खाडीकाठचं. घरटी एक माणूस होडीवर, नाहीतर मुंबईला. पण उत्सवाच्या शेवटच्या दिवशी सगळा गाव देवळासमोरच्या मांडवात हजर असतो, आणि त्यातल्या निम्म्यांना तरी नाटक तोंडपाठ असतं. नवं काही बघायला इथे कोणी येत नाही. जुनं आहे तसंच आहे ना, एवढं तपासायला येतात. पूर्वी रात्री दहाला पडदा उघडायचा आणि कोंबडा आरवायच्या सुमाराला भरतवाक्य व्हायचं. आता दहाला कर्णे बंद करायचा नियम आला, तेव्हा देवीने बिनतक्रार वेळ बदलून घेतली. माणसांनी मात्र वर्षभर कुरकुर केली. आता तिसरी घंटा दुपारी चारला होते.

पुरुषांची कामं गावातलेच पुरुष करायचे. चारुगंधा तेवढी बाहेरून आणावी लागायची, कारण आपल्या पोरीबाळींना रंग लावून उभं करायला गाव तयार नव्हतं. आंजर्ल्यापासून लांज्यापर्यंत अशी कितीतरी गावं होती, आणि त्या सगळ्यांना मिळून एक तुळसा शिवलकर होती. ट्रंक घेऊन एसटीने जायचं, कोणाच्या तरी पडवीत चहा घ्यायचा, एकही तालीम न करता नायिका म्हणून उभं राहायचं आणि सकाळच्या गाडीने परतायचं. आज राजकन्या, उद्या साध्वी, परवा शापित अप्सरा. वीसेक नाटकं तिला पदांसकट पाठ होती. उरलेल्या दिवसांत ती मच्छीच्या कंपनीत कोळंबी सोलायला जायची. बर्फाने बोटं बधिर व्हायची, पण तोंड मोकळं असायचं, म्हणून काम करता करता पदं म्हणायची. बाकीच्या बायका हसायच्या आणि मग ऐकत राहायच्या.

तुळसाचा बाप मिरकरवाड्याचा खलाशी. नाटक काय असतं ते घरात कोणाला माहीत नव्हतं. पण ऑर्गनवाल्या आत्मारामच्या वडिलांनी पोरीचा आवाज ऐकला, त्यांना त्या वर्षी दासीच्या कामाला बाई मिळत नव्हती, आणि तुळसा एकदा जी रंगमंचावर चढली ती उतरलीच नाही. नवराही तसाच भेटला. बाबल्या तांडेल होता, होडीवरच्या खलाशांचा म्होरक्या. बायकोची ट्रंक खांद्यावर घेऊन गावोगाव यायचा, पहिल्या रांगेत बसायचा आणि पद संपायच्या आधीच वन्समोअर ओरडायचा. लोक त्याला हसायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे.

एका ऑगस्टमध्ये बाबल्याची होडी गेली ती परतली नाही. तुळसा तेव्हा चौतीस वर्षांची होती.

सासरच्यांनी तिच्या कपाळाचं कुंकू पुसलं आणि 'नाटकवाली' म्हणून दाराबाहेरही काढलं. एकाच दिवसात दोन्ही कामं उरकली. पुढच्या फाल्गुनात खारवणचं बोलावणं आलं. तुळसा गेली. चारुगंधा सवाष्ण, तेव्हा कुंकू, मंगळसूत्र, हिरवा चुडा सगळं चढवावं लागलं. नाटक झालं. खारवणची रीत अशी, की भरतवाक्यानंतर गावच्या मानकरणीने रंगमंचावर चढून चारुगंधेची ओटी भरायची. त्या वर्षी सगळा मांडव गप्प झाला होता. नटी विधवा आहे हे पोराटोरांनाही माहीत होतं. तेव्हा मानकऱ्यांची सून चिमा ताट घेऊन वर आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आज ही तुळसा न्हाय. चारुगंधा हाय. पदर धर गो."

तुळसाने पदर धरला. तिने तेव्हा रडून घेतलं की नाही, हे कोणाला कळलं नाही, कारण नाटकात शेवटी चारुगंधा रडतेच.

तेव्हापासून वर्षातून एकदा, या एका गावात, या एका रंगमंचावर तिची ओटी भरली जायची. ती राहते त्या गावात मध्यंतरी विधवा प्रथा बंद केल्याचा ठराव झाला. फोटो निघाले, पेपरात बातमी आली. पुढच्या हळदीकुंकवाला तिला बोलवायचं मात्र कोणाच्याच ध्यानात आलं नाही. हळूहळू बाकीच्या गावांनी नाटकं बंद केली, कोणी ऑर्केस्ट्रा आणायला लागलं. राहिलं एक खारवण. तुळसा वर्षभर त्या ओटीसाठी जगत होती, असं म्हटलं तर ती स्वतःही नाही म्हणाली नसती.

आणि आता हे सुरू झालं होतं. वीस नाटकांची पातळं एका ट्रंकेत ओली राहिली, तर एकाचा रंग दुसऱ्याला लागतो. तसं तिच्या डोक्यात व्हायला लागलं होतं. चारुगंधेचं तिसऱ्या अंकातलं मुख्य पद होतं, 'पाहु किती वाट नाथा, दीप मंद झाला.' आणि 'संगीत रत्नकंकण' म्हणून जे दुसरं नाटक ती करायची, त्यात त्याच चालीवर 'जाउ कशी आज दारी, मेघ दाट आला' असं पद होतं. जुनी नाटकवाली मंडळी एका चालीवर चार चार पदं बसवायची. गेल्या रविवारी, रूपेशने या वर्षी मुद्दाम ठेवलेल्या तालमीत, ऑर्गनने सूर दिला आणि तुळसाच्या तोंडून मेघ आले. तेही एकदा नाही, तीनदा.

"शमिका तयार आहे," रूपेश शेवटी म्हणाला. "तिला सगळी पदं येतात. तुम्हीच शिकवलंत."

कोपऱ्यात शमिका सखीच्या वेषात बसली होती. ती याच गावची, हातखंब्याच्या पतपेढीत नोकरीला होती आणि चार वर्षं दर रविवारी तुळसाकडे गाणं शिकायला येत होती. आता मुलींना रंग लावायला गाव नाही म्हणत नव्हतं, उलट मिरवत होतं. ती घाईने म्हणाली, "मी काही मागितलेलं नाही, मावशी."

"तू मागशील कशाला? मी मेल्यावर तुलाच हाय," तुळसा म्हणाली आणि चेहऱ्याच्या दुसऱ्या बाजूला रंग लावायला लागली.

ऑर्गन लावून झाल्यावर आत्माराम आत डोकावला. बापाच्या जागी बसून त्याचीही हयात या पदांवर गेली होती. "तुळसा," तो हळू आवाजात म्हणाला, "चाळीस वर्षं झाली. झाकली मूठ सव्वा लाखाची असते."

"मूठ झाकून पदर कसा धरू, आत्माभाऊ?"

आत्माराम जाऊन ऑर्गनवर बसला.

पहिल्या अंकाला नांदी झाली, नारळ फुटला, पडदा वर गेला. तुळसाचा प्रवेश झाला तेव्हा नेहमीसारख्या टाळ्या पडल्या. पाठीचा कणा आपोआप ताठ झाला, मान वळली, आवाज मांडवाच्या शेवटच्या खांबापर्यंत गेला. पण आज गाव टाळ्या वाजवून मोकळा झाला नव्हता. तालमीची बातमी सगळीकडे पोचली होती. लोक नाटक बघत नव्हते, ते तिचं तोंड बघत होते. पहिल्या रांगेतल्या खुर्चीत ऐंशीची चिमाकाकी काठीवर हनुवटी टेकून बसली होती, आणि चारुगंधेच्या प्रत्येक वाक्याबरोबर तिचेही ओठ हलत होते.

आणि मग ते झालंच. सखी विचारते, 'ताई, कोणाच्या वाटेकडे डोळे लागले?' चारुगंधेने म्हणायचं, 'वीरसेनांच्या.' तुळसा म्हणाली, "चंद्रकेतूंच्या."

चंद्रकेतू हा रत्नकंकणातला. चिमाकाकीचे ओठ थांबले. मांडवात कुजबुज सुटली, मागे कोणीतरी हसलंही. तुळसाला आपण काय बोललो ते कळलं, आणि कळल्याबरोबर पुढचं वाक्यही गेलं. पायांखालची फळी तेवढी जाणवत राहिली.

"थट्टा पुरे, ताई," शमिका मान वेळावून म्हणाली. "परक्याचं नाव घेऊन वीरसेनांना लपवता होय?"

नाटकात असं वाक्य नव्हतं. पण मांडव हसला, या वेळी मनापासून. आत्मारामने लगेच सूर धरला आणि अंक पुढे गेला. आत आल्यावर त्या पोरीचे आभार मानावेत की कानफटात द्यावी, हे तुळसालाच ठरवता येईना.

रूपेश धावत आला. "मावशी, आता तरी..."

"दुसरा अंक माजा हाय," तुळसा म्हणाली. "त्यात चुकलं तर मग बोल."

दुसऱ्या अंकात ती चुकली नाही. नुसती चुकली नाही असंही नाही. भर दरबारात चारुगंधा नवऱ्याचं निर्दोषपण मांडते, तो प्रवेश तिने असा केला की पंखे तेवढे फिरत होते, बाकी सगळं थांबलं होतं. त्या प्रवेशाच्या शेवटी एक छोटं पद आहे. वरच्या षड्जावर ती पोचली, आवाज किंचित फाटला, आणि ती तिथेच ठाम उभी राहिली. वन्समोअर आला. दुसऱ्यांदा गायली. पुन्हा वन्समोअर आला. मघाशी हसलेला मागचा कोपरा आता सगळ्यांत मोठ्याने ओरडत होता.

रूपेश रंगपटात आला तो दोन्ही हात जोडून. "मावशी, माझं चुकलं. मुंबईवरून मेसेजवर मेसेज येतायत. तिसरा अंक तुमचाच. मी शमिकाला सांगतो मोकळं व्हायला." तो गेला. तिसऱ्या अंकात सखीला काम नव्हतं, शमिका निमूट वेणी सोडायला लागली.

तुळसा शालू नेसून आरशासमोर बसली. आता तिला कोणी अडवणार नव्हतं. मोठ्याने म्हणायचं नाही, म्हणून तिने मनातल्या मनात पद धरलं. पाहु किती वाट नाथा. आलं. आणि पुढे मेघ दाट आला.

तिने डोळे मिटले. पुन्हा धरलं. पुन्हा मेघ.

"शमिका, दुसरी वळ काय गो?"

"दीप मंद झाला," शमिका म्हणाली.

दीप मंद झाला, दीप मंद झाला. तुळसाने बांगडी सारखी केली, नथ बघितली आणि पहिल्यापासून धरलं. नाथा म्हटल्याबरोबर दीप विझला होता आणि आभाळ भरून आलं होतं. बाहेर दुसरी घंटा झाली. कदाचित ऑर्गन वाजला की येईल. इतकी वर्षं आलंच होतं की. संवाद अडला तर विंगेतून प्रॉम्प्टर सांगतो, पदाला प्रॉम्प्टर नसतो, ताल कोणासाठी थांबत नाही. आणि हे पद देवीसमोर अर्धं सोडायचं नाही, अशी खारवणची आण होती. एका वर्षी ते अर्धं राहिलं आणि त्या पावसाळ्यात गावची होडी परतली नाही, असं म्हातारी माणसं सांगायची. खरंखोटं नवलाईला ठाऊक. पण होडी परतत नाही म्हणजे काय, हे त्या मांडवात तुळसाइतकं कोणाला कळत नव्हतं.

मनात एक वाईट विचारही येऊन गेला. राहिलं अर्धं तर राहिलं. ओटी तर चारुगंधेचीच भरतील. आज रंग माझ्या तोंडाला आहे.

तिने आरशात पाहिलं. मग मंगळसूत्राचा फासा काढला आणि शालू सोडायला घेतला.

"शालू नेस," ती म्हणाली.

"मावशी?"

"नेस म्हनतंय ना. घंटा व्हईल. केस मोकळेच ऱ्हांवदे, तिसऱ्या अंकात मोकळेच असतात."

शमिका जागची हलेना. "पण आता तर सगळं चांगलं चाललंय. मला लोक काय म्हणतील?"

"लोक तुला काय बी म्हननार न्हाईत. मला काय म्हनायचं ता म्हनतील. हात वर कर, चुडा भरू दे."

तिने आपल्या हातातल्या बांगड्या एकेक करून पोरीच्या हातात चढवल्या. एक फुटली. नथ घातली, मंगळसूत्र घातलं, शेवटी खोबरेल घेऊन तिने स्वतःच्या कपाळाचं कुंकू पुसलं. वर्षभराने लावलेलं ते कुंकू दोन तासही टिकलं नव्हतं. तिला फार वाईट वाटलं. इतकं, की बाबल्या गेला त्या दिवशीची तिला आठवण झाली.

रूपेशने कर्ण्यावरून सांगितलं, की तुळसाबाईंची प्रकृती बरी नसल्याने पुढचा अंक कुमारी शमिका करतील. मांडवातून नाराजीचा मोठा आवाज उठला. तोंड धुऊन, आपलं साधं पातळ नेसून तुळसा मागच्या दाराने बाहेर आली आणि बायकांच्या मागे, खांबाला धरून उभी राहिली. चारुगंधेचा तिसरा अंक ती पहिल्यांदाच समोरून बघत होती.

शमिका आली. कोणी टाळी वाजवली नाही. ऑर्गनने सूर दिला, तोच सूर. पोरगी चुकावी असं तुळसाला वाटलं. अगदी मनापासून वाटलं. एक ओळ चुकावी, म्हणजे गावाला कळेल की हे कोणाचंही काम नाही.

'पाहु किती वाट नाथा,' शमिका गायली, 'दीप मंद झाला.'

मंदवर ती खाली आली ती तुळसा यायची तशीच, जरा रेंगाळून. कडवं झालं, दुसरं झालं. कुठे अडखळली नाही. पद पुरं झालं आणि मांडव गप्प राहिला. गाणं चांगलं झाल्याचं सगळ्यांना कळलं होतं, पण तुळसाबाईंच्या जागी आलेल्या पोरीला वन्समोअर द्यावा की नाही, हे ठरत नव्हतं. माना मागे वळायला लागल्या होत्या. लोकांना ती खांबापाशी दिसली होती. शमिका रंगमंचावर तशीच उभी होती, खाली बघत.

तुळसाने तेव्हा काय गिळलं ते तिचं तिला माहीत. मग ती म्हणाली, "वन्समोअर." आवाज कापरा निघाला, म्हणून तिने पुन्हा, या वेळी नाटकातल्या आवाजात सांगितलं. तेव्हा सगळा मांडव ओरडला.

भरतवाक्य झालं. चिमाकाकी दोन बायकांचा आधार घेऊन रंगमंचावर चढली. मागून ताट आलं, त्यात तांदूळ, खण, नारळ, हळकुंड. समोर शालूतली शमिका होती आणि खाली पायऱ्यांशी येऊन उभी राहिलेली, मोकळ्या कपाळाची तुळसा. म्हातारी थांबली. एकदा इकडे बघितलं, एकदा तिकडे. माणसं उठता उठता परत बसली.

"तुळसा, वर ये गो," चिमाकाकी म्हणाली. "इतकी वर्सं तुजीच भरली. आजबी तुजीच भरनार. कोन काय बोलतंय ता मी बगतंय."

हेच ऐकायला तिने उभा जन्म घालवला असता. तिची बोटं पदराकडे गेलीही.

"माजी कदी भरलीत, काकी?" तुळसा म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. "चारुगंधेची भरलीत. ती बगा, उभी हाय. पद तिनं पुरं केलंन."

चिमाकाकीने मान डोलावली आणि ताटात हात घातला. शमिकाने पदर पुढे केला, पण तिने तो नुसता बोटांच्या टोकांत धरला होता. ओटी कशी घ्यायची ते तिला कोणी शिकवलं नव्हतं. पहिली ओंजळ पडली, तशी पदराची झोळी खाली लोंबली, कडेने तांदूळ सांडायला लागले. नारळ ठेवला असता तर सगळंच खाली गेलं असतं.

तुळसा दोन पायऱ्या चढून वर गेली आणि पदराखाली तिने आपले दोन्ही तळहात धरले. खण पडला, नारळ पडला, सगळं वजन तिच्या हातांवर आलं. चिमाकाकी सावकाश तांदूळ घालत होती. शेवटची मूठ पडेपर्यंत तुळसाने हात काढले नाहीत.